ई-दोन

मार्लो फेरी, ओहायो
६ ऑगस्ट

प्रिय दोन,

तुझं पत्र मंगळवारी मिळालं. इकडे सगळं ठीक. माझा गुडघा होता तसाच आहे. टोमॅटो यंदा इतके आलेत की मला टोपली घेऊन येताना बघितलं की शेजारी दार लावून घेतात. तुझं कानाचं नवं यंत्र कसं चाललंय? सून म्हणते तर लावत जा बाबा. फोनवर ओरडत बसण्यापेक्षा आपली पत्रं बरी, पण जेवताना तरी माणसाला घरच्यांचं ऐकू यायला हवं.

व्हेल्माच्या हॉटेलात बुधवारची न्याहारी चालू आहे. तू ॲरिझोनाला गेल्यापासून तुझी खुर्ची कोणी घेतलेली नाही, नॉर्बर्ट तिच्यावर टोपी ठेवतो. परवा पर्लबाईची बहीण आली होती. तिने तुझ्या पाकिटावर ‘चारला’ असं लिहिलेलं बघितलं आणि हे काय म्हणून विचारलं. पर्लबाईने अर्धा तास शिकवणीच घेतली. बेसबॉलच्या मैदानावर प्रत्येक जागेला आकडा असतो, चेंडू फेकणारा पिचर एक, फलंदाजामागे बसून झेलणारा कॅचर दोन, दुसऱ्या टप्प्यावरचा म्हणजे सेकंड बेसवाला चार. शाळेच्या संघात एव्हरेट कॅचर होता आणि हा डेलमार सेकंड बेसला, म्हणून हे म्हातारे अजून एकमेकांना दोन आणि चार म्हणतात. वर नॉर्बर्टने जोड दिलीच. कुणाच्या हातून चूक झाली की स्कोअरच्या वहीत ‘ई’ लिहायचं आणि पुढे त्याचा आकडा. म्हणून आमच्या एव्हरेटचं खरं नाव ई-दोन, सहासष्ट सालापासून. अठ्ठेचाळीस वर्षं झाली तरी हा न्हावी थकत नाही. सगळे हसले. मीही हसलो.

आपल्या फेरीमेन संघाचं काय सांगू? सलग सात हरले, आठवा पावसाने वाचवला. पर्लबाईचं म्हणणं, पाचांपैकी तीन पिचर पस्तिशीच्या पुढचे, सहाव्या डावात त्यांची हवा जाते, हे कळायला आकडेमोड लागत नाही. (तरी ती करतेच. ऐंशीव्या वर्षी चर्चमध्ये ऑर्गन वाजवता वाजवता हिच्या डोक्यात पिचरांच्या सरासऱ्या चालू असतात असा माझा संशय आहे.) नॉर्बर्ट म्हणतो, आधी शॉर्टस्टॉप आणा, दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मध्ये भोक पडलंय. तो पश्चिमेकडचा शॉर्टस्टॉप आता काही येत नाही. खेळाडूंच्या अदलाबदलीची मुदत गेली आणि बोलणी फिसकटली ती फिसकटलीच.

तुझ्या नातवाबद्दल, टीगबद्दल वाचून फार वाईट वाटलं. कोपराची शस्त्रक्रिया, म्हणजे पुढचं सबंध वर्ष गेलं. पण एका परीने बरंच झालं म्हण, वेळेत कळलं. असंच फेकत राहिला असता तर हातच गेला असता.

तू विचारलंस, त्याचं कोपर दुखतंय हे आधीच बाहेर कोण बोललं असेल. ते मला इथे बसून कसं कळणार? तूच लिहितोस, ही गोष्ट टीगला, तुला आणि त्याच्या खोलीतल्या जोडीदाराला, त्या बेनिसिओला माहीत होती. चौथा मी, आणि तू म्हणतोस तसा मी म्हणजे विहीर, आत पडलेलं वर येत नाही. मग टीग म्हणतो तेच खरं असणार, बेनिसिओच. कॅचर जातच बोलघेवडी, तू सोडून. टीगने त्याच्याशी बोलणं टाकलं ते योग्यच केलं असं मला वाटतं.

नाताळात येतोयस ना? मागची खोली झाडून ठेवतो.

तुझा,
चार


मार्लो फेरी
२० ऑगस्ट

प्रिय एव्हरेट,

आज आकड्याने हाक मारत नाही. कारण पुढे येईल.

शनिवारी गाडी काढून आपल्या दुसऱ्या फळीच्या संघाचा सामना बघायला गेलो. चाळीस मैल, गुडघ्याने वाटभर शिव्या दिल्या. गेलो कशाला, हे मलाही नीट सांगता येत नव्हतं. टीगची भेट होईल, त्याला टोमॅटो देऊ, असं काहीतरी मनाशी ठरवलं होतं.

टीग होता. हात गळ्यात बांधलेला, बाकाच्या पार टोकाला. दुसऱ्या टोकाला बेनिसिओ. मध्ये बाकीची पोरं, आणि तीही बेनिसिओकडे पाठ करून बसलेली. डाव संपला की तो येऊन मुखवटा काढी आणि एकटाच सूर्यफुलाच्या बिया चघळत बसे. नऊ डावांत त्याच्याशी कोणी चकार शब्द बोललं नाही. तुला माहीत आहे, कॅचरशी कोणी बोलत नसेल तर त्याने खेळायचं कसं?

टोमॅटोची पिशवी गाडीतच राहिली. टीगसमोर जायचं माझ्याच्याने झालं नाही. पण सामना संपल्यावर बेनिसिओ कुंपणाशी सह्या द्यायला आला, तेव्हा माझी वही पुढे केली. सही करताना त्याला विचारलं, टीगशी तुझं काही बिनसलंय का.

तो म्हणाला, “मी नाही बिनसवलं, काका. तो बोलत नाही. आईची शपथ घेतली तरी नाही.” वही परत देताना म्हणाला, “ज्यानं सांगितलं ना, त्याच्यावर माझा राग नाही. त्यानं फक्त एकदा येऊन टीगला सांगावं, की हा नव्हता म्हणून.”

मी म्हटलं, “सांगेल.”

आणि येऊन गाडीत बसलो. 

एव्हरेट, तो माणूस मी आहे.

एवढं एक वाक्य लिहायला मला चार दिवस लागले. ते लिहिलंय तर आता सगळंच सांगतो. कुठे हात राखलेला वाटला तर तिथे समज, मला अजून लाज वाटतेय म्हणून.

जूनमध्ये तू लिहिलंस, “चार, हे फक्त तुझ्यापुरतं. टीगचं कोपर महिनाभर दुखतंय. सोमवारी स्वतःच डॉक्टरला सांगतो म्हणालाय.” ते पत्र खिशात घालून मी बुधवारी न्याहारीला गेलो. त्या दिवशी टेबलावर एकच विषय, त्या शॉर्टस्टॉपच्या बदल्यात टीगला द्यावं की नाही. नॉर्बर्ट म्हणे, अजिबात नाही, पुढची दहा वर्षं हाच आपला मुख्य पिचर. मी म्हटलं, द्या, आत्ताच देऊन टाका. नॉर्बर्ट म्हणाला, “तुला रे काय कळतंय? शाळेत सेकंड बेसला उभा राहिलास, तेवढीच तुझी विद्या.” सगळे हसले. पर्लबाई म्हणाली, “डेलमार, कारण असेल तर दे. नसेल तर अंडी खा.”

मी कारण दिलं. म्हटलं, “त्याचं कोपर गेलंय. आजोबाच्या हातचं पत्र आहे माझ्या खिशात.” आणि खिशावर थाप मारून दाखवली.

टेबल एकदम गप्प झालं. नॉर्बर्टचा काटा हातातच राहिला. एव्हरेट, ती शांतता मला गोड लागली. इतक्या वर्षांत त्या टेबलावर पहिल्यांदा मला असं काही माहीत होतं जे पर्लबाईला माहीत नव्हतं. तुझा नातू त्या क्षणी माझ्या डोक्यातही नव्हता.

मग मी त्यांना शपथा घालायला लागलो, कुठे बोलू नका. जे मलाच जमलं नाही ते नॉर्बर्टला कसं जमावं? दुसऱ्या दिवशी सकाळी तो रेडिओच्या कार्यक्रमात फोन करून ‘एका खात्रीच्या माणसाकडून’ कळलंय म्हणाला. दुपारी ते पेपरच्या लोकांपर्यंत गेलं, संध्याकाळी पलीकडच्या संघाने अंग काढून घेतलं. टीगचा सोमवार उजाडायच्या आत त्याला डॉक्टरसमोर नेऊन बसवला, लपवलंस का म्हणून विचारायला. जे पोरगं स्वतःच्या पायाने जाऊन सांगणार होतं, ते पकडलेलं ठरलं.

‘वेळेत कळलं ते बरं झालं’ असं मी मागच्या पत्रात लिहिलं. ती सबब होती, आणि मी ती आरशासमोर आधी घोकली होती.

याहून वाईट एक आहे. मला त्या दिवशी टीगला का देऊन टाकायचा होता? मोडका आहे हे त्यांना कळायच्या आत त्यांच्या गळ्यात मारावा आणि आपल्याला चांगला शॉर्टस्टॉप मिळावा म्हणून. ज्या पोराला तुझ्या अंगणात मी पहिला चेंडू झेलायला शिकवला, त्याची मी जुन्या गाडीसारखी विल्हेवाट लावत होतो. तेही बेकनचा तुकडा चघळत.

आणि मग बेनिसिओ. त्याचं नाव मी माझ्या हाताने तुला लिहून दिलं. कॅचर जात बोलघेवडी म्हणे. चूक माझी आणि माथी कॅचरच्या, हे मी आयुष्यात दुसऱ्यांदा केलं.

पहिली तुला माहीत आहे. तुला माहीत असणारच. सहासष्ट सालची जिल्ह्याची अंतिम लढत, नववा डाव, त्यांचा गडी माझ्या सेकंड बेसकडे पळत सुटला आणि तू उठून चेंडू माझ्याकडे फेकलास. वही लिहायला मास्तर क्लेव्हेंजर बसले होते, त्यांच्या तोंडावर ऊन. त्यांनी लिहिलं ई-दोन. पेपरात छापून आलं, कॅचर एव्हरेट लंडीच्या वेड्यावाकड्या फेकीने सामना घालवला. एव्हरेट, तो चेंडू माझ्या छातीवर आला होता. मला हात हलवावा लागला नाही. नुसता धरायचा होता, आणि तो माझ्या हातमोज्यातून पडला.

कपडे बदलताना तू माझ्याकडे बघितलंस. मी बुटाची नाडी बांधत बसलो. मग तूच सगळ्यांना म्हणालास, “जाऊ दे रे, हात घसरला माझा.” त्यानंतर मी तुझ्या लग्नात तुझ्या शेजारी उभा राहिलो, तुझ्या बायकोला खांदा दिला, आणि दर बुधवारी नॉर्बर्ट ई-दोन म्हणाला की हसलो.

शाळा बंद झाली तेव्हा ती वही मी मागून घेतली होती. आठवण म्हणून नाही. दुसऱ्या कुणाच्या हाती जाऊ नये म्हणून. त्यातलं ते पान सोबत पाठवतोय. मास्तरांनी पेन्सिलीने लिहिलं होतं, मी शाईने दुरुस्त केलंय, खाली सही आणि आजची तारीख घातलीय. नॉर्बर्टला आणि पर्लबाईला आज न्याहारीला ते दाखवलं. नॉर्बर्टने पान दोनदा वाचलं, मग तुझ्या खुर्चीवरची टोपी उचलून डोक्यावर घातली आणि निघून गेला. पर्लबाई म्हणाली, “पत्ता बरोबर लिही,” एवढंच.

टीगला वेगळं पत्र लिहिलंय. त्यात माझं नाव, बुधवार, खिशावरची थाप, सगळं आहे. बेनिसिओलाही एक आहे, सोप्या शब्दांत. तिन्ही पाकिटं एकदमच पेटीत टाकणार. एकेक टाकायला गेलो तर तुझंच खिशात राहील, मी मला ओळखतो.

तू उत्तर दिलं नाहीस तर मी विचारणार नाही. टीगला माझं तोंड बघायचं नसेल तर तेही बरोबर. एवढंच कर, बेनिसिओबद्दल त्याला तुझ्या तोंडाने सांग, तुझं तो ऐकेल. मागची खोली मी झाडून ठेवतोच आहे. यायचं की नाही ते तू ठरव.

इतकी वर्षं पत्राखाली ‘तुझा’ लिहीत आलो. आज तो शब्द माझा मी लिहू शकत नाही. वहीत आता जे आहे तेच लिहितो.

ई-चार
डेलमार