हिरव्या दोऱ्याची गाठ

७ फेब्रुवारी

प्रिय ताई,

नमस्कार. अक्षर ओळखून भुवया वर गेल्या असतील, तर त्या आधी खाली घे आणि मग वाच. आम्ही दोघं बरे आहोत. तूही बरी असशील असं धरून चालते, कारण दुसरं काही धरायला तू ठेवलेलं नाहीस. पत्ता तू जाताना दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीने लिहून गेली होतीस, तोच घातलाय. अकरा वर्षांत दुकानाला तीनदा रंग दिला, पण त्या दाराला बाबांनी ब्रश लावू दिला नाही.

तसं काही विशेष नाही. सहज लिहावंसं वाटलं.

दुकान आहे तसंच आहे. ड्रॉवर अजून देशांप्रमाणे नाही, दुखण्यांप्रमाणेच लावलेत. खोकल्याच्या रकान्यात ज्येष्ठमध, त्याखाली अडुळसा आणि त्याखाली थंड प्रदेशातल्या दगडांवरचं ते पांढरट शेवाळ, ज्याचं नाव मला अजून धड म्हणता येत नाही. तापाला वाळुंजाची साल. पोटासाठी आलं, पुदिना, चक्रीफूल, असं कायकाय. खिडकीजवळचा रकाना झोपेचा: जटामांसी, कॅमोमाइल, लव्हेंडर. बाबांचं ते वाक्य आठवतं? जगात कुठेही जा, माणसाला झोप येत नाही आणि मग तो एखाद्या झाडापाशी जातो. लहानपणी तो रकाना पुसायला बसलो की तू तिसऱ्या ड्रॉवरला पेंगायचीस आणि मी चौथ्याला. परवा मी अख्खा रकाना पुसून काढला, साधी जांभईसुद्धा आली नाही. वय झालं असेल.

दुपारी मी माळ्यावर बराच वेळ बसते. वरच्या काचेतून ऊन खाली उतरतं, धूळ त्यात सावकाश फिरत राहते. टांगलेल्या जुड्यांची वाळकी पानं एकमेकांना लागून इतका बारीक आवाज करतात की तो खरंच ऐकू येतोय की आपणच मनात धरलाय ते कळत नाही. बघत बसलं की वाटतं, बाग वर आहे, उलटी, आणि आपण तिच्या आभाळात बसलोय. खालून बाबांनी तीन हाका मारल्या तरी मला एकच ऐकू येते. स्वप्नंही हल्ली अशीच पडतात. काल स्वप्नात पुदिना इतका दरवळला की मी जागी झाले आणि उशी हुंगत बसले.

बाबा शहात्तरचे झाले. हात थरथरतात, ऐट तीच. नव्या गिऱ्हाइकाला अजून ऐकवतात, "आमच्याकडे दोन नाकं आणि दोन गाठी. एकानं भरायचं, हुंगायचं, आपल्या दोऱ्याची गाठ मारायची. दुसऱ्यानं पुन्हा हुंगायचं आणि आपली मारायची. एका नाकाच्या भरवशावर पुडी दाराबाहेर जात नाही." माझा दोरा पांढराच आहे. दुसरी गाठ बाबा मारतात, निळ्या दोऱ्याची. दोनदा निसटतो, तिसऱ्यांदा मी दुसरीकडे बघते. तुझं हिरवं रीळ त्यांनी गल्ल्यामागे ठेवलंय, त्याला कुणी हात लावत नाही.

परवा एक पुडी परत आणावी लागली, गाणं शिकवणाऱ्या बाईंची. किरकोळ गोष्ट होती. पुन्हा कधीतरी सांगेन.

तुझं शेपूट


२६ फेब्रुवारी

प्रिय ताई,

पहिलं पत्र परत आलं नाही, म्हणजे तू तिथेच आहेस. उत्तरही आलं नाही, म्हणजे तू तीच आहेस. असो. तुझ्या गप्प बसण्याशी भांडण्यात कुणी जिंकल्याचं मला आठवत नाही.

ती पुडी किरकोळ नव्हती.

सप्टेंबरात मला ताप आला होता. ताप गेला, पण जाताना वास घेऊन गेला. मला कशाचाच वास येत नाही, ताई. साबणाचा नाही, जळलेल्या दुधाचा नाही, बाबांच्या लोकरी कोटाचा नाही. दोन महिने वाटलं, येईल परत. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, येईल कदाचित. बाबांना मी काही बोलले नाही. दुकानाला दोन नाकं लागतात आणि एक बंद पडलंय हे कुठल्या तोंडाने सांगायचं?

म्हणून नाटक केलं. ड्रॉवर उघडायचा, नाक पुढे करायचं, डोळे मिटून जरा थांबायचं, मान डोलवायची. तुझीच नक्कल. इतकी झकास जमली की एक दिवस बाबा म्हणाले, "आता कुठे तू शिकलीस." मी मनाची समजूत घालत होते की त्यांचं नाक आहे ना, दुसरी गाठ त्यांची आहे ना.

मग त्या बाई आल्या. घसा बसला होता, चक्रीफूल हवं होतं. नवं पोतं आलेलं, सगळे तुकडे. मी भरलं, हुंगल्यासारखं केलं, पांढरी गाठ मारली. बाबांनी पुडी नाकाशी नेली, डोळे मिटले आणि प्रसन्न होऊन म्हणाले, "वा. काय पुदिना आहे." आणि निळी गाठ मारली.

बाई हसल्या. त्यांना वाटलं म्हाताऱ्याची गंमत. पुडी घेऊन गेल्याही. मग अनवाणी पळत सुटले. चांभाराच्या दुकानापुढे त्यांना गाठलं आणि भर रस्त्यात म्हटलं, "बाई, ती पुडी द्या, चुकीची दिली." सगळे बघत होते.

पुडीत बहुधा चक्रीफूलच होतं. पण बहुधा म्हणून कुणाला औषध देता येत नाही. मी दारावर पाटी लावली, 'साफसफाई चालू आहे'. तीन आठवडे साफसफाई चालू आहे. बाबा विचारतात, अजून किती घासणार आहेस? लाकूड उरू दे थोडं.

तू येऊन ते पोतं एकदा हुंगशील का, असं विचारायला हे पत्र लिहायला घेतलं होतं. तसं विचारलं तर तू कदाचित येशीलही. पण आल्यावर तू त्याच बाबांसमोर उभी राहशील, ज्यांना अजून वाटतं की अकरा वर्षांपूर्वी चूक तुझी होती. तुला त्यांच्यासमोर तशी उभी करून वर तुझं नाक वापरून घ्यायचं, एवढी माझी मजल जाऊ नये.

मी कशाभोवती फिरतेय ते तुला माहीत आहे. आपल्या दोघींनाच माहीत आहे. आधी ते निस्तरते.

तुझं शेपूट


९ मार्च

ताई,

मी बाबांना सांगितलं.

मंगळवारी दुपारी. ते माळ्यावर जुड्या मोजत बसले होते, म्हणजे मोजता मोजता डुलक्या घेत होते. मी समोर जाऊन बसले आणि सगळं ओळीने सांगितलं, जसं झालं तसं. तुलाही लिहिते, कारण तू होतीस तरी तुला सगळं माहीत नाही.

मी एकोणीस वर्षांची होते. चक्रीफुलाचा ड्रॉवर रिकामा झाला होता, तो भरायला तू मला माळ्यावर पाठवलंस आणि स्वतः पार्सलं टाकायला पोस्टात गेलीस. वर दोन बरण्या होत्या. एकीत खरं, दुसरीत त्याचं ते विषारी भावंड, ज्याचा पूर्वेकडच्या बेटांवरचे लोक देवळात धूप करतात आणि जे पोटात घ्यायचं नसतं. दोन्हींचे तुकडे झालेले. तुकडे झाले की डोळ्यांना फरक कळत नाही, फक्त नाकाला कळतो. आणि मी नाक लावलंच नाही. खाली मैत्रीण ताटकळत होती आणि मला फिरायला जायचं होतं. एवढंच कारण आहे. याहून मोठं कारण असतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बेकरीवाली आली. तिच्या तान्हीचं पोट दुखत होतं. तेव्हा आपण चक्रीफूल तान्ह्यांसाठीही द्यायचो, त्या दिवसानंतर कधीच दिलं नाही. तुझी वाट बघितली असती तर पाच मिनिटं गेली असती. मी पांढरी गाठ मारली आणि मग तुझं रीळ घेऊन हिरवीसुद्धा मीच मारली.

संध्याकाळी मूल आकडी येऊन दवाखान्यात. ती पुडी बाबांच्या हातात, तिच्यावर तुझा दोरा. भरणारा चुकतो, तपासणाऱ्यानं चुकायचं नसतं, हा आपल्याकडचा कायदा. दुकानात माणसं भरलेली. बाबा म्हणाले, "हिरवी गाठ तुझी आहे. तू न हुंगता मारलीस." तू माझ्याकडे पाहिलंस. मी जमिनीकडे पाहिलं. तू म्हणालीस, "हो."

मूल तिसऱ्या दिवशी घरी आलं. तू दोन आठवड्यांनी गेलीस. त्या दोन आठवड्यांत मी रोज सांगणार होते.

बाबांनी सगळं ऐकून घेतलं. ओरडतील असं वाटलं होतं, ओरडले असते तर मला आवडलं असतं. हातातली जुडी उगाच सरळ करत राहिले. मग म्हणाले, "मी तिला विचारलं नव्हतं. मी तिला सांगितलं होतं." पुन्हा थोड्या वेळाने, "हे तिला लिही. माझ्या नावाने लिही." म्हणून लिहिलं. माझ्या वासाचंही सांगितलं. त्यावर म्हणाले, "मलाही दोन वर्षं येत नाही." आम्ही दोघं एकमेकांच्या नाकावर विसंबून दुकान चालवत होतो. ते हसले, आणि मग हसता हसता त्यांना रडू आलं. मलाही.

पण बाबांना सांगून भागणार नव्हतं. चूक सगळ्या रस्त्यासमोर तुझ्या पदरात पडली होती. काल बेकरीत गेले. गिऱ्हाइकं होती, मी मुद्दामच गर्दीची वेळ धरली. बेकरीवालीला सगळं सांगितलं. तिचे पिठाचे हात तसेच राहिले. मग ती म्हणाली, "पण तुझी ताई तर दर वर्षी पत्र पाठवते. आमच्या पोरीच्या वाढदिवसाला."

मला माहीत नव्हतं, ताई.

तिने आत जाऊन पत्रं आणली. मी वाचली नाहीत, तिनेच एक-दोन ओळी वाचून दाखवल्या. दात आले का, पळते का, अभ्यासात कशी आहे. "एकाही पत्रात 'ती मी नव्हते' असं लिहिलेलं नाही," बेकरीवाली म्हणाली आणि माझ्याकडे अशी पाहत राहिली की मला पुन्हा जमिनीकडेच पाहावंसं वाटलं. पण या वेळी मी वरच पाहत राहिले.

ती मुलगी तिथेच होती. अकरा वर्षांची, पुढचे दोन दात मोठे, आईसारखीच फटकळ. सगळं ऐकलं होतं तिने. म्हणाली, "मला लिहिता यायला लागल्यापासून मी ताईंना दर वर्षी कळवते, की मी बरी आहे आणि मी तुम्हाला माफ केलंय. म्हणजे मी इतकी वर्षं भलत्याच माणसाला माफ करत होते?"

मी म्हटलं, हो.

"मग तुम्हाला अजून माफ केलेलंच नाही."

मी म्हटलं, नाही.

तिने थोडा विचार केला. "बघते," म्हणाली. "लगेच नाही सांगत."

दुकान बंद आहे. तू आलीस तर उघडेल, नाही आलीस तर किल्ली जागेच्या मालकाला देऊन टाकू, बाबांची आणि माझी तयारी आहे. त्यासाठी येऊ नकोस. रस्त्यावर आता सगळ्यांना खरं माहीत आहे, एवढं कळवायचं होतं. बाकी तुझ्यावर आहे, आणि तूही लगेच सांगायला पाहिजेस असं नाही.

जिला अजून कुणीच माफ केलेलं नाही, ती
तुझी बहीण