अर्ध्या पॅटर्नचा ड्रेस

४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
धाकटीचा सा. न. वि. वि.

सोबत पार्सल आहे, ते बघून दचकू नकोस. आत सायीच्या रंगाचं कापड, तेवढंच अस्तर आणि ड्रेस बेतायचा एक तयार कागदी पॅटर्न आहे. पाकिटावरच्या चित्रातल्या बाईने घातलाय अगदी तसाच हवा: कोपरापर्यंत बाही, कमरेत बेताचा आणि आत पूर्ण अस्तर. मापांचा कागद पाकिटातच आहे. फेब्रुवारीअखेरीला आमच्या ऑफिसात समारंभ आहे, तेव्हा घालायचा.

इथला शिंपी अस्तर असं लावतो, की बसताना ड्रेस एकीकडे जातो आणि अस्तर दुसरीकडे. तुझ्यासारखं अस्तर कुणाला जमत नाही. हे लोणी लावण्यासाठी लिहीत नाही. बरं, थोडं लावतेच आहे. भाऊजींना नमस्कार.

तुझा लोभ मला लहानपणापासून मिळतोच आहे, या खेपेला ड्रेससकट मिळावा.

तुझी
धाकटी

९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अनेक आशीर्वाद.

पार्सल पोचलं. दोरी सोडतानाच वाटलं, कुठेतरी पाणी मुरतंय. मापांचा कागद वाचला आणि खात्रीच पटली. ही मापं तुझी नाहीत. दोन बाळंतपणांत तुझी कंबर कुठे गेली ते मला ठाऊक आहे, आणि ती परत आल्याचं माझ्या ऐकिवात नाही. रंगही तुझा नाही. चहा सांडला तरी दिसू नये असेच रंग तू जन्मभर घेतलेस. तेव्हा एक तर तू आजारी आहेस आणि लपवते आहेस, नाहीतर हा ड्रेस तुझ्या नणंदेचा आहे आणि माझ्याकडून फुकटात शिवून घ्यायचा तिचा बेत आहे. दोन्हीपैकी काय ते कळव.

त्या पॅटर्नवरही माझा भरवसा नाही. हे पॅटर्नवाले पाठीचा आणि पुढचा भाग अर्धाच छापतात. कापड दुमडायचं, घडीवर कागद ठेवायचा आणि कापायचं, की उलगडल्यावर डावं-उजवं सारखं. माणसं दोन्हीकडून सारखीच असतात अशी यांची समजूत.

भिंगरीचा विषय तू काढला नाहीस ते बरं केलंस. मीही काढणार नाही. पोटची पोर, पण किती हट्टी! डावा खांदा जन्मापासून उतरता. चारचौघांत दिसू नये म्हणून शाळेच्या पहिल्या फ्रॉकपासून मी अस्तराखाली कापसाचं पॅड शिवत आले. आणि तीन वर्षांपूर्वी तिने माझीच कात्री घेऊन नव्याकोऱ्या ड्रेसचा खांदा उसवला, पॅड माझ्या मशीनवर ठेवलं, आता तुझ्या हातचं काही अंगाला लावणार नाही म्हणाली आणि घर सोडून गेली. तुझ्याच गावात राहते, तेव्हा येता-जाता दिसत असेल. कशी आहे हे मी विचारत नाही.

लोभ आहे. संशयही आहे.

ताई

१४ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

मी ठणठणीत आहे. नणंदेचा या ड्रेसशी काडीचा संबंध नाही, आणि तुझं पत्र तिच्या हाती लागलं असतं तर माझी काही धडगत नव्हती. कंबर कमी झाली कारण मी सकाळी चालायला जाते. रंगाचं म्हणशील तर माणसाने कधीतरी बदलायला नको का?

तू विचारत नाहीस म्हणून मीही सांगत नाही, पण तिची तब्येत चांगली आहे. नोकरीत पगार वाढला आहे.

लोभ ठेव, उलटतपासणी आवर.

धाकटी

१९ जानेवारी

चि. सौ. धाकटीस,
अ. आ.

चालून कंबर कमी होते हे मान्य. पण चालून उंची वाढते हे आजच ऐकलं. मानेपासून कमरेपर्यंतची तुझी पाठ कागदावर दोन इंचांनी लांब झाली आहे. ताकाला जाऊन भांडं लपवायची तुझी सवय जुनीच.

ह्यांना मी विचारलं, की धाकटीचं काय चाललं असेल? तर त्यांनी पेपरात तोंड खुपसलं आणि दहा मिनिटं पान उलटलं नाही. तेही तुम्हाला सामील आहेत अशी माझी खात्री झाली आहे.

आता माझी रीत ऐक. चांगल्या कापडाला मी अजून कात्री लावलेली नाही. आधी मांजरपाटाचा कच्चा ड्रेस शिवला आहे, तो पाठवते. ज्याचा कुणाचा हा ड्रेस असेल त्याच्या अंगावर चढव, जिथे सैल असेल तिथे चिमटीत धरून टाचण्या लाव आणि तसाच परत पाठव. एकही टाचणी काढायची नाही.

लोभ आहे. बाकीचं मांजरपाट बघून ठरवीन.

ताई

२५ जानेवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.

कच्चा ड्रेस परत पाठवला आहे. कमरेत छान बसला. टाचण्या लागल्या तिथे लावल्या आहेत, उघडताना बोटं सांभाळ. फार विचार करत बसू नकोस, ही हात जोडून विनंती. लोभ आहे तेवढाच राहिला तरी पुरे.

धाकटी

२९ जानेवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

उजव्या खांद्यावर एकही टाचणी नाही. डाव्या खांद्यावर बोटभर कापड चिमटीत धरून चार टाचण्या लावल्या आहेत. त्या चिमटीवर मी अंगठा ठेवला आणि मशीनपाशीच बसून राहिले. त्या खांद्यावर थोपटून मी तिला झोपवलं आहे. तो मला अंधारातही ओळखू येईल, तू मला मांजरपाटावर फसवतेस?

आता सरळ सांग. सायीचा रंग, पूर्ण अस्तर, ऑफिसातला समारंभ. लग्न करते आहे ना ती? आणि आईला कळवायचं नाही असं ठरलं आहे ना? ड्रेस कोण शिवतंय हे तिला माहीत आहे, की दोघींनी मिळून मला बनवलंत? मला रडू आलं आणि रागही आला. आधी काय आलं ते आठवत नाही.

ताई

२ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पकडलंस. लग्न आहे. २८ तारखेला नोंदणी कार्यालयात सह्या, नंतर माझ्याकडे चहा. मुलगा छापखान्यात आहे, हळू बोलतो आणि तिचं सगळं ऐकून घेतो. तुला बोलवायचं का असं मी विचारलं, की ती उठून कपबशा विसळायला लागते. तुमच्या दोघींमध्ये मी किती वर्षं लोंबकळू? म्हणून हा उद्योग केला.

ड्रेस मागच्या गल्लीतली एक बाई शिवते असं मी तिला सांगितलं होतं. तुझा कच्चा ड्रेस आला तेव्हा तिने आधी तो उलटा केला. धावदोऱ्याच्या टोकाला बोट लावलं आणि विचारलं, मावशी, ही मागच्या गल्लीतली बाईसुद्धा प्रत्येक टोकाला दोन टाके मागे घेते का? मी खिडकीबाहेर बघायला लागले. मला वाटलं आता फेकून देईल. तिने तो अंगात घातला आणि मी टाचण्या लावेपर्यंत हलली नाही. फक्त म्हणाली, ती पुन्हा पॅड घालणारच.

आता तू शिव किंवा कापड परत पाठव. माझ्यावरचा लोभ मात्र कापू नकोस.

धाकटी

१७ फेब्रुवारी

चि. धाकटीस,
आशीर्वाद.

ड्रेस पाठवला आहे. कापड दुमडलं नाही. पॅटर्नचा अर्धा कागद दोनदा उतरवून पूर्ण केला, कापड एकेरी पसरलं आणि डावं वेगळं, उजवं वेगळं कापलं. अस्तरही तसंच. शिवणीत माया ठेवली आहे, पुढे अंग भरलं तर कामी येईल.

खांद्यात काय आहे आणि काय नाही ते मी लिहिणार नाही. लिहिलं तरी ती विश्वास ठेवणार नाही, माझीच पोर आहे. खालचा काठ दुमडलेला नाही, ती चूक नव्हे. एक खांदा उतरता असला की घेर एका बाजूला खाली येतो, तो अंगावर घातल्याशिवाय सरळ करता येत नाही. तेवढं मागच्या गल्लीतल्या बाईकडून करून घ्या.

तिला आशीर्वाद सांग. माझे म्हणून सांग.

ताई

२२ फेब्रुवारी

ती. आईस,
भिंगरीचा शि. सा. न. वि. वि.

ड्रेस मिळाला. घालायच्या आधी मी कात्री घेतली आणि डाव्या खांद्याचं अस्तर उसवलं. मावशी ओरडत होती, तरी उसवलं. आत बोटं घातली, काही नव्हतं. पुन्हा चाचपून पाहिलं, मग उजव्या खांद्यातही पाहिलं. मग ड्रेस मांडीवर घेऊन खूप रडले. संशय आपल्या घराण्यातच आहे, त्याला मी काय करू?

अंगात घातला तर कुठेही ओढत नाही. खांदा आहे तसा दिसतो. सगळ्यांना दिसेल.

आता अस्तर उसवलेलं आहे आणि काठही राहिला आहे. मावशी सुई-दोरा घेऊन मागे लागली आहे, पण तिचा टाका मला या ड्रेसवर नको. २७ तारखेला ये. मी स्टुलावर उभी राहीन, तू सांगेपर्यंत हलणार नाही. रात्री राहायचं, दुसऱ्या दिवशी माझ्याबरोबर कार्यालयात यायचं. येताना बाबांना आण. पत्ता विचारत बसू नकोस, त्यांना घर माहीत आहे.

लोभ असू दे. संशयही चालेल.

तुझी
भिंगरी