दोन आठवडे फुंकायचं नाही

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आज सकाळी साडेअकराला मी डहाणूच्या दवाखान्यात ओरडलो — "आम्हाला कोणीही काहीही सांगितलेलं नाही!" — आणि तिथे सगळं बदललं. ते खोटं होतं. ओरडतानाच मला ठाऊक होतं.

नीट क्रमाने लिहितो, नाहीतर डोकं फुटेल.

आईच्या वरच्या डाव्या दाढा जाऊन आठ-नऊ वर्षं झाली. बासष्ट वय. कवळी लावायची, जेवली की काढून वाटीत ठेवायची, मजेत होती. सप्टेंबरात कवळी तुटली म्हणून तिला चिंचणीहून डहाणूला घेऊन गेलो आणि तिथे निधी दिसली. डॉक्टरांच्या हाताखाली काम करते, तलासरीहून रोज येते. मास्कवरचे डोळे फक्त दिसले. झालं!

दक्षाबेन डॉक्टर म्हणाल्या, पक्के दात बसवता येतील, पण दाढा नसल्यामुळे वरचं हाड झिजून पातळ झालंय. त्याच्यावर लगेच गालामागची हवेची पोकळी, सायनस. तिचा पातळ पडदा हलकेच वर उचलायचा, खाली हाडाची पावडर भरायची, सहा महिने थांबायचं, मग स्क्रू बसवायचे.

आई म्हणाली, "मी काय भिंत आहे, भेगा बुजवायला? मला आपली कवळीच बरी."

मी म्हणालो, नाही, करायचंच. सहा महिने! दवाखान्याच्या किती फेऱ्या होतील ते मनात मोजत होतो मी. आईच्या तोंडात काय होणार त्याचा विचार नव्हता.

आठ तारखेला ऑपरेशन झालं. आई आत पडून होती. निधीने मला बाहेर उभं करून सगळं सांगितलं. नाक शिंकरायचं नाही. शिंक आली तर तोंड उघडं ठेवायचं. स्ट्रॉने काही प्यायचं नाही. दोन आठवडे काहीही फुंकायचं नाही. कागदही दिला. मी हो-हो करत होतो. तिच्या कपाळावर घामाने एक बट चिकटली होती, ती बघत. घरी येऊन आईला म्हणालो, "गोळ्या घे आणि मऊ खा." एवढंच! कागद स्कूटरच्या डिकीत.

परवा रविवारी आईने मागच्या पडवीत चूल पेटवली. फुंकणीने फुंकली. दुपारी नाक पुसलं तर रुमालावर रक्त आणि रव्यासारखे पांढरे कण. काल गाल सुजला.

आज दक्षाबेननी तपासलं. "पडदा फाटला. पावडर नाकावाटे बाहेर येते. कुसुमबेन, काय फुंकलं तुम्ही?" आईने खुणेने फुंकणी दाखवली. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. "फुगा लिहिला, स्ट्रॉ लिहिली... फुंकणी कोणाच्या डोक्यात येणार! पण फुंकायचं नाही, हे तर सांगितलेलं ना?"

आईच्या तोंडात कापसाचा बोळा होता. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तेव्हा ते वाक्य.

दार उघडं होतं, बाहेर बाकावर सहा-सात माणसं. निधी म्हणाली, "मॅडम, मी ह्यांना सांगितलंय." मी तिच्याकडे बोट दाखवून — बोट! — म्हणालो, "ही खोटं बोलतेय."

मग दक्षाबेन तिला बोलल्या. सगळ्यांसमोर. तिने एकदा आईकडे बघितलं आणि ट्रे उचलला.

१९ नोव्हेंबर

डिकीतून कागद काढला. चौथी ओळ. ठळक अक्षरात, खाली रेघसुद्धा मारलेली. फाडला.

२१ नोव्हेंबर

आई पेज खाते, तीही उजवीकडून. गाल हिरवट-पिवळा झालाय. आतली पावडर धुऊन काढली. आता जखम भरेपर्यंत थांबायचं, मग पुन्हा पहिल्यापासून — तेही पडदा नीट भरला तर. तिला विचारलं, दुखतं का? तर म्हणाली, "होतं रे. तू जेवलास?"

असं विचारू नये तिने.

कॉलेज सोडलं तेव्हाही हेच. प्रॅक्टिकलला काचेचं भांडं माझ्या हातून फुटलं. सर बोलले तर मी त्यांच्याच अंगावर गेलो, आणि मग परत गेलोच नाही. घरी सांगितलं, सरांचा माझ्यावर डूख होता. आईने विश्वास ठेवला. की ठेवल्यासारखं केलं? मला आधी राग येतो आणि मग मी त्या रागाला कारण शोधतो. कारण बहुतेक वेळा समोर उभं असलेलं माणूसच असतं.

२४ नोव्हेंबर

उमेश भेटला. शाळेपासूनचा मित्र, तलासरी-डहाणू सीटवर इको गाडी चालवतो. निधीबद्दल फक्त त्यालाच सांगितलेलं. लांबूनच ओरडला, "काय रे, कितवा दात? आईला अजून चार पाडायला लाव, म्हणजे वर्षभराची सोय!" मी हसलो नाही. मग तो जवळ येऊन म्हणाला, "ती तुझी निधी, शनिवारी माझ्या गाडीत मागच्या सीटवर रडत होती. एक तारखेपासून येऊ नको सांगितलंय तिला. कुठल्यातरी पेशंटच्या पोराने भांडण काढलं म्हणे. तुला काय माहीत आहे का?"

म्हटलं, "नाही."

दुसऱ्यांदा!

२५ नोव्हेंबर

दवाखान्याच्या कोपऱ्यापर्यंत स्कूटर नेली. परत आणली.

२६ नोव्हेंबर

आजही.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

गेलो. आत गेलो.

दक्षाबेन हात धूत होत्या. मी सगळं एका दमात सांगून टाकलं. तिने सांगितलं होतं, कागद दिला होता, मी वाचला नाही, आईला बोललो नाही, नंतर कागद फाडला. त्यांनी सावकाश हात पुसले. "जतीनभाई, त्या दिवशी बाहेरच्यांना ऐकू जाईल असं बोललात ना? आजपण तसंच बोला." आणि दार उघडलं.

बाकावर आज दुसरीच माणसं होती. त्यांना ना घेणं ना देणं. मी म्हणालो, चूक माझी होती, निधीची नव्हती. एक म्हातारी गालाला हात लावून बसली होती. म्हणाली, "जोरात बोल रे पोरा, काय पुटपुटतोस? दात माझे दुखतात की तुझे?" पुन्हा बोललो, जोरात. कान तापले होते. पायातल्या चपलांकडे बघत होतो.

दक्षाबेन निधीला म्हणाल्या, "एक तारखेचं विसर. मी पण विचारायला हवं होतं तुला." ती "बरं मॅडम" म्हणाली आणि ट्रे घेऊन आत गेली.

मी मागे गेलो. तोंड बंद ठेवायचं होतं, पण नाही! म्हणालो, "तू आवडतेस मला. म्हणून त्या दिवशी लक्ष नव्हतं माझं."

ती हत्यारं पुसत होती. वर न बघता म्हणाली, "म्हणजे चूक माझीच ना शेवटी?"



मग तीच बोलली. "कागद तुम्ही दिला नसेल. पण दुसऱ्या दिवशी मी तुमच्या आईंना फोन केला होता. सगळ्याच म्हाताऱ्या पेशंटना करते. शिंकरायचं नाही, फुंकायचं नाही, सगळं सांगितलं. त्यांनी मला परत म्हणूनही दाखवलं."

"मग तेव्हाच का नाही बोललीस?"

"बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. तोंडात बोळा असलेल्या बाईला खोटं पाडू का मी? तुम्ही त्यांना विचारा."

तुम्ही. मला ती तुम्ही म्हणते, माझ्याहून वर्षभराने मोठी असेल तरी.

आईला आज विचारलं नाही. हिंमत झाली नाही.

२८ नोव्हेंबर

आई तांदूळ निवडत होती. विचारलं.

ती निवडतच राहिली. म्हणाली, "माहीत होतं मला. पोरीने दोनदा सांगितलेलं. रविवारी तू ताट ढकललंस ना, गॅसवरची भाकरी रबर लागते म्हणून. मग पेटवली चूल. लाकडं दमट होती."

"माहीत होतं तरी फुंकलंस?"

"तू ओरडायला लागलास की मला काही सुचत नाही रे, जतू." एक खडा बाजूला टाकून म्हणाली, "दवाखान्यात तोंडात बोळा होता, पण मान हलवता आली असती. नाही हलवली. तिथेही तू ओरडतच होतास."

रविवार आठवला. ताट, भाकरी, सगळं. चूल लिहिली, पण ताट ढकललेलं मी इथे लिहिलंसुद्धा नव्हतं. लिहिण्यासारखं काही घडलंय असं वाटलंच नव्हतं मला.

तिने सूप बाजूला ठेवलं आणि माझ्या तोंडाकडे बघितलं — आता काय होणार म्हणून.

मी उठलो. ओरडायच्या आत बाहेर आलो आणि दार हळूच ओढून घेतलं.