भाड्यात धरलेली वीज

३ नोव्हेंबर

लाइट तोडणार! तीस तारखेला. घरमालक दारातच उभा राहून सांगून गेला. आत ही खाटेवर, नाकात नळी, उशाशी ऑक्सिजनचं मशीन घुरघुरतंय. दिवसरात्र चालू ठेवा, खंड नको, असं डॉक्टरांनी निक्षून सांगितलंय. आणि माझ्या कविता म्हणण्याची चेष्टा करत हा म्हणतो, "कविराज, भाड्यात वीज-पाणी धरलंय ते दोन माणसांच्या संसाराचं. तुम्ही दवाखाना थाटलात!"

करारनामा काढला. कलम नऊ. वीज 'नेहमीच्या घरगुती वापरापुरती'. वापर वाढल्यास जोडणी बंद करण्याचा मालकाला अधिकार. खाली माझी सही. मजकुरात दोन ठिकाणी लाल शाईने सुधारलेल्या वेलांट्या — त्याही माझ्याच! छापखान्यात औषधांच्या खोक्यांवरचा मजकूर तपासण्यात जन्म गेला. अक्षर न् अक्षर बघतो, अर्थाकडे लक्षच जात नाही. स्वतःचा फास मी स्वतः शुद्ध करून दिला.

४ नोव्हेंबर

मालकाच्या हातापाया पडलो. जरा विरघळला. तुमच्या नावावर वेगळं मीटर घ्या म्हणतो — पण नोकरी कायम असल्याचं पत्र हवं. "उद्या तुम्हाला काढलं की बिल माझ्या बोकांडी!"

६ नोव्हेंबर

छापखान्यातल्या मॅनेजरबाई हसल्या. "आजोबा, तुम्ही आमचे कुठे? तुम्हाला एजन्सीकडून घेतलंय. पत्र तेच देणार."

सात वर्षं त्याच खुर्चीत बसतोय. खुर्चीवरची उशी माझी, घरून नेलेली.

७ नोव्हेंबर

एजन्सी म्हणजे तिसऱ्या मजल्यावर एक टेबल आणि त्यामागे एक टकलू. "आम्ही माणसं पुरवतो हो, ठेवत नाही. त्यांना नकोसे झालात की काम संपलं. कायमचं पत्र कसं देऊ? करारात आहे की!"

आहे. तिथेही माझी सही. त्या करारात सुधारायला एक वेलांटीसुद्धा नव्हती!

जिना उतरताना चौथीच्या वर्गातली झऱ्याची कविता आठवली. गुरुजी टेबलावर छडीने ताल धरायचे आणि आम्ही चाळीस पोरं एका सुरात, खिडक्या दणाणून सोडायचो. तेव्हा मी कोणाचा, हे कुणाला विचारावं लागत नव्हतं. वर्गाचा होतो! भर दुपारी फुटपाथवर उभा राहून रडलो. माणसं वळसा घालून जात होती.

८ नोव्हेंबर

हिला सगळं सांगून टाकलं. सांगायला नको होतं. शांतपणे ऐकलं, मग म्हणाली, "तुम्ही निवांत कामावर जा हो. एवढं काय घेऊन बसलात! आणि ती झऱ्याची म्हणा जरा."

म्हटली. "एक कडवं खाल्लंत," म्हणाली. शाळेतही ही अशीच असणार — मास्तरांच्या चुका काढणारी.

१५ नोव्हेंबर

पुन्हा छापखाना, पुन्हा एजन्सी. हे म्हणतात त्यांचा, ते म्हणतात ह्यांचा. मी कोणाचाच नाही. मशीन बंद पडलं तर? नको. लिहवत नाही.

२१ नोव्हेंबर

ही फार बोलत नाही हल्ली. काळजीनेच असणार. माझ्यामुळे.

२६ नोव्हेंबर

चमत्कार! मालक आला तो हसतच. "कविराज, तुमच्या खोलीला लावलेलं माझं पोटमीटर बघितलं. वापर चांगलाच खाली आलाय. असंच सांभाळा, राहा खुशाल. लाइट कोण तोडतंय!" मी त्याचे दोन्ही हात धरले. कसा खाली आला कुणास ठाऊक — थंडीत पंखा बंद असतो, त्यानेच असेल. आज तीन कविता म्हटल्या, ओळीने, खड्या आवाजात! हिने डोळे मिटूनच मान डोलावली.

२८ नोव्हेंबर

मशीनची जाळी साफ करायला मेकॅनिक आला होता. मशीन किती तास चाललं त्याचा आकडा त्यावर दिसतो म्हणे. त्याने तो तीन आठवड्यांपूर्वीच्या खेपेच्या नोंदीशी ताडून पाहिला, पुन्हा पाहिला. "काका, तीन आठवडे हे रोज नऊ-दहा तास बंद असतं. तुम्ही कामावर असता तेव्हा कोण बंद करतं?"

हिने भिंतीकडे तोंड फिरवलं. मी तिचा हात हातात घेतला. नखं निळी पडली आहेत.