भीमाबाई पोड

सुगंधाचे बाबा,

आपल्या कोलामाइत पोडाले, वस्तीले, म्होरक्याचं नाव. आपल्या पोडाले तुमचं होतं, अन् नवऱ्याचं नाव घ्यावं कसं? एसटीत कंडक्टरनं गाव विचारलं, की माह्यं तिकीट शेजारीण मांगे. तुम्ही दुसरी बायको करून आदिलाबादकडे गेले, तरी वीस वर्सं तेच.

तुमच्यामागं पोड मोडू लागलं, तवा मीच बारा घरं धरून ठेवली. हातपंप आणला. परवा ग्रामसभेत सगळ्याइनं हात वर केले अन् पाटी बदलली. आज वणीच्या एसटीत गाव मी सोता सांगतलं, मोठ्यानं!

हे पत्र टाकत नाही. पाकिटावर तुमचं नाव कोण लिहील? पण कधी यावं वाटलं, तं तिकीट माह्यं नाव घेऊन काढा लागंल.

भीमाबाई,
मुक्काम भीमाबाई पोड