हजेरीतलं नाव

ओआहाका, ४ मार्च १९८८

ती. ओब्दुलियामावशीस,
सा. न. वि. वि.

आईचं कंबरेचं हाड मोडल्याचं कळल्यापासून अभ्यासात लक्ष नाही. दादा सीमेपलीकडे उत्तरेला कामाला गेलाय, परतायचं नाव नाही. मक्याचं शेत कोण खणणार? त्यात बसवाल्याने निरोप दिला, की गावसभेने तेकियोच्या, बिनपगारी गावकामाच्या यादीत माझं नाव घातलंय. गावकीचं काम टाळणाऱ्याला आपल्याकडे कोण विचारतं? मास्तरीण व्हायला दीड वर्ष उरलंय, पण आता पुरे. बोचकं बांधलंय. पुढच्या शनिवारी येते. रागावू नकोस.

तुझ्या मायेची,
सेनाइदा

सान इसिद्रो, ८ मार्च

चि. सेनाइदास अनेक आशीर्वाद.

आधी बोचकं सोड! बसवाल्याने अर्धाच निरोप दिला आणि तू लगेच गाशा गुंडाळलास. यादीत नाव आहे, पण त्यापुढे काम काय लिहिलंय, ठाऊक आहे? शिकणे.

सभेत विषय मीच काढला. मग म्हातारे एलेउतेरियो उठले. म्हणाले, शहरातून मास्तर येतो, त्याला आपली भाषा कळत नाही, पोरं भिंतीकडे बघत बसतात आणि शुक्रवार आला की तो पळतो. आपली पोरगी मास्तरीण होतेय, तर तिचं शिकणं हाच तिचा तेकियो. एकानेही नाही म्हटलं नाही गं. आपलं गाव, जे एका नळावरून तीन वर्षं भांडलं!

रविवारी तुमच्या शेतात तीस कुदळी चालल्या. आई बांधावर बसून सगळ्यांवर हुकूम सोडत होती, आणि तिचं खाणंपिणं माझ्याकडे. कामाआधी हजेरी झाली. तुझं नाव पुकारलं. मी तोंड उघडायच्या आत सगळे एका आवाजात हजर म्हणाले.

तेकियो अर्ध्यावर सोडत नाहीत, हे तुला मी सांगायला नको.

तुझी वाट पाहणारी, पण इतक्यात नाही,
मावशी

ओआहाका, १४ मार्च

ती. मावशीस सा. न.

पत्र तीनदा वाचलं आणि पोटभर रडले. आमच्या वर्गातल्या अकरा जणी शिक्षण सोडून गेल्या, बारावी मी निघाले होते. त्यातल्या काही माझ्याहून हुशार होत्या. त्यांच्या मागे कोणी उभं नव्हतं, एवढंच.

आज वर्गात हजेरी झाली. माझं नाव आलं तेव्हा मी इतक्या मोठ्याने हजर म्हटलं, की सरांनी चष्मा काढून पाहिलं. म्हणाले, एकट्या मुलीचा एवढा आवाज? मी हसून वही उघडली. एकटीचा नव्हताच तो.

आईला आणि साऱ्या गावाला नमस्कार सांग. अशीच माया असू द्या.

तुमची,
सेनाइदा