आईच्या पाइनजवळून जाणारा ट्रॅक्टर

हाउकिवारा, १२ सप्टेंबर २००४

चि. टाउनोस अनेक आशीर्वाद. वि. वि.

इथे बर्चची पानं पिवळी पडली. सकाळी तळ्यावर धुकं इतकं दाट असतं की कॉफीचा पेला हातात धरून मी बराच वेळ नुसती बसते आणि आपण कुठल्या साली आहोत हेच विसरते. छान वाटतं.

बातमी मात्र छान नाही. शेजारचा कौको ट्रॅक्टर विकून लेकीकडे राहायला गेला. वीस वर्षं माझा दीड किलोमीटरचा रस्ता तोच साफ करायचा. नर्स मिर्याने स्पष्ट सांगितलं, की हिवाळ्यात तिची गाडी दोनदा जरी दारापर्यंत पोचली नाही, तरी माझं नाव गावातल्या वृद्धांच्या खोल्यांसाठी जाईल. तिचंही चुकत नाही, पण तिथल्या खिडकीतून समोरचं वाहनतळ दिसतं. मी तिथे मरेन रे, आणि तेही सावकाश.

म्हणून मी ट्रॅक्टर घेणार आहे. हसू नकोस. त्याने बर्फ ढकलायचा आणि जंगलातून सरपणही आणायचं. जंगलात जायचं तर जुन्या स्लेजगाडीच्या वाटेने, म्हणजे आईची पाइन आणि मोठा दगड यांच्यामधून. ती फट माझ्या स्कीपेक्षा वीतभर कमी आहे, कालच आडवी धरून पाहिली. आणि बर्फ ढकलायचं पातं पुढेच हवं. मागे लावलं तर दिवसभर मान वळवून उलटं चालवावं लागेल, आणि माझी मान आता कोणासाठीच वळत नाही.

तुझी उभी हयात यंत्रांत गेली, तूच निवड. प्रकृतीला जप आणि माझ्यावरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी लेम्पीताई

टांपेरे, २३ सप्टेंबर

ती. लेम्पीताईस सा. न. वि. वि.

बहात्तराव्या वर्षी बाईसाहेबांना ट्रॅक्टर हवा! इथे माझ्या मजल्यावर एक खोली रिकामी आहे, लिफ्ट आहे, खाली पाव मिळतो. पण तू ऐकणार नाहीस, म्हणून तीन दुकानं पालथी घातली.

हलका ट्रॅक्टर ओल्या बर्फाला रेटायला गेला की स्वतःच मागे घसरतो. वजन हवं, चाकांना साखळ्या हव्यात आणि डोक्यावर बंद केबिन हवी. उणे पंचविसात उघड्यावर बसलीस तर मिर्याला रस्ता मिळेल आणि तू मिळणार नाहीस. सगळ्यात बसेल असा एक वापरलेला मिळाला. तुझ्या स्कीचा हिशोब लावला, पाइनजवळून आरामात जातो. पुढच्या आठवड्यात पोचेल.

हट्टी बहिणीने धाकट्यावर लोभ ठेवावा.

तुझा टाउनो

हाउकिवारा, ९ ऑक्टोबर

चि. टाउनोस आशीर्वाद, आणि एक कानपिळणी.

ट्रॅक्टर आला. देखणा आहे, केबिनमध्ये तर झोप येईल असं ऊबदार. पण पाइनशी जाऊन अडकला! अरे, तू कुठली स्की धरलीस? ती जुनी लाकडी, हात वर केला की मनगटाला लागायची ती? त्या जोडीवर गेली चार वर्षं मी वाटाण्याचे वेल चढवते. आता माझ्या स्की आखूड आहेत, मिर्यानेच घ्यायला लावल्या. तुझ्या डोक्यात मी अजून चाळिशीचीच आहे वाटतं. त्याबद्दल मात्र राग नाही.

दुकानाचा माणूस अदबीने म्हणाला, की झाड दहा मिनिटांत आडवं होईल. मी त्याला कॉफी पाजली आणि वाटेला लावलं.

दुपारी डोळा लागला तर आई दिसली. पाइनखाली स्लेजवर बसली होती, मांडीवर बेरींची टोपली. बेरी निवडत राहिली. जागी झाले तेव्हा बोटं गार होती.

काय करू ते लवकर कळव. जमीन गोठायला आली.

तुझी ताई

टांपेरे, १५ ऑक्टोबर

ती. ताईस सा. न.

स्कीची चूक माझी. तरीही सांगतो, पाइन काढ. दुसऱ्या बाजूचा दगड हलायचा नाही, अरुंद ट्रॅक्टरला केबिन नसते आणि केबिनशिवाय मी तुला बसू देणार नाही. झाड गेल्याने आई काही दुसऱ्यांदा जात नाही. बाबांनीही हेच केलं असतं.

दि. १६. वरचं पत्र टाकलं नाही. पेटीपर्यंत गेलो आणि परत आलो. तू तेव्हा अकरा वर्षांची होतीस, तुला आईचा चेहरा आठवतो. मी पाच वर्षांचा होतो. मला चेहरा आठवत नाही, ताई. आईला पुरायला चर्चकडे नेताना बाबांनी स्लेज थांबवली आणि रिवाजाप्रमाणे तिच्या नावाने त्या पाइनच्या खालच्या फांद्या उतरवल्या, तो कुऱ्हाडीचा आवाज तेवढा आठवतो. माझ्याकडची आई म्हणजे तेवढीच. ती तोड असं मी कसं लिहिलं?

दुकानाशी बोललो. हा परत नेतील आणि अरुंद देतील, केबिन नसलेला. मागे वजनाला दगडांची पेटी बांधून देतील. आर्वीभाओजींचा मेंढीच्या कातड्याचा कोट घालूनच बस. मला फार भीती वाटते, हे मात्र लिहून ठेवतो.

तुझा टाउनो

हाउकिवारा, २१ नोव्हेंबर

चि. टाउनोस अनेक उत्तम आशीर्वाद.

बर्फ पडला. दोन दिवस नुसता पडतच होता, आवाज न करता, जणू कोणी वरून घर झाकून ठेवत होतं. आज सकाळी आर्वींचा कोट घातला, दोन टोप्या घातल्या आणि निघाले. नाक गेलं कुठे ते कळत नव्हतं, पण हे अरुंद यंत्र एकदाही घसरलं नाही. मोठ्या रस्त्यापर्यंत साफ! मिर्याची गाडी अकराला दारात होती. रक्तदाब पाहून तिने विचारलं, की एवढा चांगला कसा.

मग सरपणाला गेले. पाइन आणि दगड यांच्यामधून जाताना दोन्हीकडे पंजा मावेल एवढी जागा उरली. मी वेग कमी केला आणि एक टोपी काढली. दुसरी ठेवली, आई रागावली असती.

एक कबुली. बर्फात रस्ता कळावा म्हणून कडेला लावायच्या काठ्या जमीन गोठण्याआधीच ठोकाव्या लागतात, हे तू विसरला नसशील. नंतर त्या जमिनीत जात नाहीत. म्हणून तुला विचारायला थांबले नाही. ऑक्टोबरातच, तुझं पत्र आलं त्या दिवशी, तळ्याकाठच्या सौना-घरापर्यंतही, म्हणजे आपल्या वाफेच्या न्हाणीघरापर्यंत, दोन्ही बाजूंनी काठ्या ठोकल्या. तुला राहायला म्हणून तिथली चूल झाडली आहे. तिथल्या खिडकीतून पाइन दिसते.

तू ये किंवा येऊ नकोस. तो रस्ता मी रोज साफ करीन.

हे पत्र पेटीत टाकायला ट्रॅक्टरनेच जाते आहे. माया आहेच, ती आता जवळ येऊन कर.

तुझी लेम्पीताई